साडेसातच्या विमानाचं धुकं

१

पान फाडलेलं नव्हतं, ब्लेडने कापलेलं होतं. इतकं शिवणीलगत, की पानांवरचे आकडे मोजले नसते तर मलाही कळलं नसतं. अठ्ठेचाळीसनंतर एकदम एक्कावन्न.

"हे काय?" मी विचारलं.

हवामानवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मॅडम, मलाही आत्ताच कळतंय."

"वही तुमची, खोली तुमची, कपाटाची किल्ली तुमच्या खिशात. आणि तुम्हाला आत्ताच कळतंय? वा रे वा!"

विमानतळाच्या हवामानाची नोंद ठेवणारा हा सरळमार्गी माणूस, तीस वर्षं रोज सकाळी गच्चीवर उभा राहून किती लांबचं दिसतंय ते लिहितो. पाण्याची टाकी दिसली तर एक किलोमीटर, विटांची चिमणी दिसली तर तीन, पलीकडचा डोंगर दिसला तर आठ. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्याचे कान लाल झाले होते.

मी विमान प्रवाशांची तक्रार अधिकारी. एक खोली, एक कपाट, एक पंखा. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, गुडघे मात्र आधीच निवृत्त झालेत. नियम मला झोपेतही पाठ आहे. उशीर तीन तासांच्या वर गेला आणि दोष कंपनीचा असला, तर प्रवाशाला भरपाई. दोष आभाळाचा असला, तर चहा आणि दोन बिस्किटं. त्यामुळे विमान कंपन्यांचं आभाळावर भारी प्रेम असतं. ढग, वारा, धुकं, काहीही चालतं.

हे प्रकरण होतं पाच महिन्यांपूर्वीच्या एका सकाळचं. साडेसातचं विमान अडीचला उडालं. कारण दिलं धुकं. एकोणीस प्रवाशांपैकी सतरा जणांनी चहा प्यायला, बिस्किटं खाल्ली आणि नशिबाला बोल लावला. तक्रार एकटीने केली, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका बाईने.

तिच्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. त्या दिवशी पहाटे चारला मोठ्या शहरातल्या इस्पितळातून फोन आला, मूत्रपिंड मिळालंय, दुपारी एकच्या आत पोचा, नाहीतर यादीतल्या पुढच्याला देऊ. रस्त्याने सहा तास, विमानाने एक. घरातले म्हणाले गाडी करा. ही म्हणाली विमान, यांना सहा तासांचे धक्के सोसायचे नाहीत. एक वाजला तेव्हा दोघं विमानतळाच्या बाकावरच बसलेले होते. अडीच महिन्यांनी नवरा गेला.

"मला भरपाई नको," ती पहिल्या दिवशीच म्हणाली होती. "फक्त धुकं नव्हतं, एवढं लिहून द्या. धुकं असलं तर चूक माझी. थंडीत विमानाचा हट्ट मी धरला. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. नवऱ्याला मी मारलं म्हणतात. खरं काय ते एकदा कागदावर येऊ दे."

आणि तो कागद कुणीतरी कापून नेला होता.

२

मी तिच्या घरी गेले. दोन खोल्या. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, अर्धवट शिवलेल्या निळ्या चड्ड्यांचा ढीग आणि भिंतीकडे तोंड करून निजलेली सासू. मी आले तरी म्हातारी वळली नाही. सुनेने पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला, तो तसाच राहिला. थोड्या वेळाने धाकट्या मुलाने तोच तांब्या उचलून तोंडाशी धरला, तेव्हा म्हातारी प्यायली. हे बघून मला असा संताप आला की विचारू नका.

हा धाकटा म्हणजे बाईचा दीर. घरात सगळे त्याला धाकटाच म्हणतात. पस्तिशीचा, अंगाने भरलेला. बाई लग्न होऊन आली तेव्हा तो सातवीत होता. डबे हिनेच केले, फी हिनेच भरली. आता तो त्याच विमान कंपनीत कामाला, विमानाला शिडीगाडी लावायचं काम.

"वहिनी, पुरे करा ना आता," तो म्हणाला. "मॅडम, मी स्वतः होतो तिथे. हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती, एवढं धुकं."

"तुम्ही आणि कोण?"

"सगळेच."

मी बाईला म्हटलं, "त्या दिवशी काय झालं ते पहिल्यापासून सांगा. घड्याळ लावून सांगा."

ती सुई खाली न ठेवता बोलू लागली. "सहाला पोचलो. खाली नदीच्या रस्त्यावर धुकं होतं, ते मीही पाहिलं. वर हॉलमध्ये बाहेरचं काही दिसत नाही, काचांवर जाहिराती चिकटवल्यात. साडेसहाला धाकटा आला. म्हणाला, वहिनी, काळजी नको, दादाला सगळ्यांच्या आधी चढवतो, शिडी आत्ताच लावून घेतो. मग सातला दहा कमी असताना परत आला. चेहरा पार उतरलेला. म्हणाला, धुकं आलंय, थांबावं लागेल."

"आणि कंपनीने कधी सांगितलं?"

"भोंग्यावर? अर्ध्या तासाने. मग दर तासाला तेच, आणखी एक तास, आणखी एक तास. आधीच सात तास म्हणाले असते तर मी तेव्हाच गाडी केली असती हो. साडेसहा-सातला निघालो असतो तरी एकच्या आत पोचलो असतो."

तिने दोरा दातांनी तोडला. धाकटा उठून बाहेर गेला. चहा ठेवतो म्हणाला, पण चहा काही आला नाही.

३

कंपनीच्या मॅनेजरची खोली विमानतळावरची सगळ्यात उबदार खोली. प्रवाशांच्या हक्कांचा फलक नियमाने हॉलमध्ये लावायचा असतो. तो याच्या कपाटामागे होता, भिंतीला तोंड करून.

"पडेल बिडेल म्हणून काढून ठेवलाय," तो म्हणाला.

"बरोबर. लोकांच्या डोक्यात पडला तर पंचाईत व्हायची."

तो हसला नाही. माझ्याही विनोदाला हल्ली धार उरलेली नाही. त्याने तयार ठेवलेलं उत्तर वाचून दाखवलं. धुकं साडेदहापर्यंत होतं. तोवर वैमानिकांचे कामाचे तास संपले. दुसरे वैमानिक शहरातून गाडीने आले, मग अडीचला उड्डाण. मूळ कारण धुकंच, कंपनीचा दोष शून्य.

"आणि हवामानाच्या वहीतलं पान?"

"ते खातं माझं नाही. पण बघा ना मॅडम, पान असतं तर माझीच बाजू भक्कम झाली असती. मी कशाला कापू?"

चोराच्या उलट्या बोंबा, असं मनात म्हणत मी जिना उतरू लागले आणि पाचव्या पायरीवर थांबले. गुडघ्यामुळे नाही. माणूस नकळत खरं बोलून गेला होता.

पानावर धुकं लिहिलेलं असतं, तर याने ते पान चौकटीत घालून टेबलावर ठेवलं असतं. ज्याला धुकं हवंय तो धुक्याचा पुरावा कापत नाही. म्हणजे त्या पानावर धुकं नव्हतंच. डोंगर दिसतोय, असं काहीतरी लिहिलेलं होतं. पण हा माझा तर्क झाला, आणि तर्कावर निकाल देता येत नाही. दुसरा कागद हवा होता. कंपनीच्या हाताखालचा नसलेला, कुणाच्या लक्षातही न आलेला.

तेवढ्यात धावपट्टीच्या दूरच्या टोकाला धडाम् असा आवाज झाला आणि बगळ्यांचा थवा उडाला.

४

त्याला सगळे पाखरंवाला म्हणतात. विमानाच्या पंख्यात पक्षी शिरू नयेत म्हणून धावपट्टीवर बार उडवत हिंडणं हे त्याचं काम. पगार सरकारचा, बूट स्वतःचे.

"बार मोजून मिळतात?" मी विचारलं.

"मोजून म्हणजे काय मॅडम! दारूगोळाच तो. एक बार इकडचा तिकडे झाला तर पोलीस माझी वरात काढतील. ही वही. तारीख, वेळ, किती उडवले. आठवड्याला ठाण्याचा शिक्का."

"धुक्यात किती उडवता?"

तो माझ्याकडे खुळी झालात का अशा नजरेने बघू लागला. "धुक्यात धावपट्टीवर पाऊल टाकायला बंदी आहे. मी दिसलो नाही तर गाडी माझ्यावरूनच जाईल. आणि पाखरू दिसल्याशिवाय बार कुणावर टाकू, माझ्या बापावर?"

मी वही उलटली. ती तारीख सापडली. सव्वासहा ते सव्वासात, अकरा बार. शेरा: बगळे, दूरचं टोक. खाली ठाण्याचा निळा शिक्का.

"अहो, म्हणजे त्या सकाळी धुकं नव्हतं!"

"छे! लख्ख होतं. नदीवर असतं, ते टेकडी चढत नाही कधी. मी इथे, पाठ विमानाकडे, पण डोंगरावरची झाडं मोजता येत होती."

"मग पाच महिने बोलला का नाहीत?"

"मला विचारलं कुणी?" तो म्हणाला आणि पुढचा बार भरू लागला.

मी तिथेच दगडावर बसले. बाईचं काम झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती, असं मला एका माणसाने तिच्याच घरात सांगितलं होतं. आणि भोंग्याच्या अर्धा तास आधी, उघड्या धावपट्टीवरून परत येऊन, धुकं हा शब्द पहिल्यांदा त्यानेच उच्चारला होता.

५

उरलेलं काम दोन वह्यांचं. फाटकावरच्या वहीत आत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव असतं. त्या दिवशी शहरातून वैमानिक आलेलेच नव्हते. एक वाजता एकच गाडी आली, तीत एकच माणूस, हुद्दा विमान अभियंता, सोबत अवजारांची पेटी. रस्ता सहा तासांचा. म्हणजे तो सातच्या सुमाराला निघाला. म्हणजे त्याला फोन त्याच्या थोडा आधी गेला. साडेसहा ते पावणेसात या पंधरा मिनिटांत विमानाला काहीतरी झालं होतं, आणि तेव्हा विमानापाशी जाणारी एकच वस्तू होती.

दुसरी वही हजेरीची. शिडीगाडी कधी एकट्याने लावत नाहीत. एक चालवतो, दुसरा विमानाच्या दाराखाली उभा राहून हात दाखवतो, कारण चालवणाऱ्याला शेवटची हातभर जागा दिसतच नाही. त्या दिवशी हात दाखवणाऱ्याची हजेरी सातची होती. साडेसहाला ड्युटीवर शिडीचा माणूस एकच.

त्याने घाई केली होती. भावाला पहिला चढवायचा म्हणून.

खरं सांगते, ती वही मिटून मी दोन दिवस काहीच केलं नाही. सतरा माणसांची भरपाई अडली होती, बाईचं पाणी अडलं होतं, तरी माझा हात पुढे होईना. मग स्वतःलाच शिव्या घातल्या आणि सुनावणीची नोटीस काढली. चौघांना. मॅनेजर, हवामानवाला, बाई आणि धाकटा.

६

सकाळचे अकरा. माझ्या खोलीत चारच खुर्च्या, म्हणून मी उभी राहिले. धाकटा वहिनीला स्कूटरवर घेऊन आला होता. तिची पिशवी अजून त्याच्याच मांडीवर होती.

मी एकेक वही टेबलावर ठेवत गेले. बार. फाटक. हजेरी. मॅनेजर मध्येच म्हणाला, "हे तर्क आहेत मॅडम."

"ठाण्याचा शिक्का तर्क नसतो. गप्प बसा. विमानाला शिडीचा धक्का लागला. अभियंत्याने तपासल्याशिवाय उडवता येत नव्हतं आणि अभियंता सहा तासांवर होता. शिडी कंपनीची, माणूस कंपनीचा, एकाच माणसावर सकाळ ढकलायचा शहाणपणाही कंपनीचा. भरपाई एकोणीस जणांना द्यायला लागली असती आणि एकच माणूस का ठेवला, हे वर कुणीतरी विचारलं असतं. धुकं फुकट होतं, म्हणून तुम्ही धुकं मागवलंत."

मग मी हवामानवाल्याकडे वळले. "पान कुणासाठी कापलंत? या मॅनेजरसाठी तुम्ही कापलं नसतं."

त्याचे कान पुन्हा लाल झाले. "तक्रार आली तेव्हा तो माझ्या घरी आला. पाया पडला. म्हणाला, दादा तर गेला, आता नोकरी गेली तर आईला कोण बघणार? तीस वर्षांत एक पान कापलं, मॅडम. त्या दिवसापासून गच्चीवर जावंसं वाटत नाही."

बाईने विचारलं, "कोण तो?"

तिने शेजारी बघितलं. धाकट्याने पिशवी छातीशी धरली होती आणि तो हमसून हमसून रडत होता.

"वहिनी, मला दादाला पहिला बसवायचा होता. थांबलो असतो तर... फक्त वीतभर लागली गाडी. वीतभर. मॅनेजर म्हणाले, तू धुकं सांग, बाकीचं मी बघतो. मला वाटलं तासाभरात उडेल."

मी बाईपुढे पाणी केलं, तिने ते बाजूला सारलं.

"धक्का लागला ते मी त्याच दिवशी माफ केलं असतं रे," ती म्हणाली. "तू यांच्यासाठीच धावलास, मला कळत नाही का? पण आई मला नवऱ्याला खाल्लं म्हणाल्या, तेव्हा तू समोर जेवत होतास. घास खाली ठेवला नाहीस. आणि हे? हे जाईपर्यंत त्या दिवसाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. माझ्यावर राग धरून गेले, असंच मी धरून चालले."

"दादा रागावला नव्हता," धाकटा म्हणाला. "दादाला माहीत होतं."

बाई त्याच्याकडे वळली.

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिवसापासून. मी सांगितलं त्याला. म्हटलं, वहिनीला पण सांगतो. तो नको म्हणाला. म्हणाला, आईला कळलं तर ती तुझं तोंड बघणार नाही. तुला नाही झेपायचं. तुझी वहिनी सोसेल."

मी खूप वर्षं या खोलीत माणसं रडताना बघितली आहेत. ही रडली नाही. तिने पदर नीट केला, खुर्ची जराशी मागे सरकवली आणि मला विचारलं, "निकाल आजच मिळेल का?"

मी तिच्यासमोरच लिहिला. उशिराचं कारण धुकं नव्हे. शिडीगाडीचा धक्का, कंपनीचा निष्काळजीपणा, खोटं कारण, प्रवाशांना वेळेवर न सांगणं. एकोणीसही जणांना भरपाई. कापलेल्या पानाची वेगळी चौकशी. मॅनेजरने सही केली आणि कुणाकडे न बघता निघून गेला. हवामानवाला दारात घुटमळला, बाईला हात जोडले आणि तोही गेला.

बाईने कागद दोनदा वाचला. मग तो धाकट्याच्या हातात दिला.

"घरी चल. आईंच्या समोर बसायचं आणि हे वाचायचं. मोठ्याने, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मी नाही वाचणार, तू वाचायचंस. मी तिथेच बसणार आहे."

"हो."

"नोकरी जाईल ती जाईल. गणवेश आहेत, दोन घास मिळतील."

तो उठला. दारापर्यंत गेला आणि मागे वळला. "वहिनी, दादाला माहीत होतं, ते पण सांगू?"

ती खुर्चीवरून उठली.

"ते नको," ती म्हणाली. "आईंना एक तरी मुलगा राहू दे."